सिलिकॉन कार्बाइडला जाळ नाही, वाफ खाते

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सिलिकॉन कार्बाइड २७०० डिग्रीच्या आसपासपर्यंत तग धरतं, हवेत तापवलं तर स्वतःभोवती सिलिकाचा थर बनवून स्वतःला वाचवतं, मग विमानाच्या इंजिनातल्या सीएमसी (सिरॅमिक मॅट्रिक्स कॉम्पोझिट) पार्टला वरून कोटिंग कशाला हवं? आणि हवंच असेल तर निकेलच्या ब्लेडवर वर्षानुवर्षं चालत आलेलं झिर्कोनियाचं कोटिंगच का नाही मारत? कार्बन-कार्बनला, म्हणजे कार्बनमध्ये कार्बनचेच तंतू घातलेल्या मटेरियलला, पण हेच चालतं का? आणि एम.टेक.च्या प्रोजेक्टला यातलं काय घेऊ?

मी वीसेक वर्षं प्लाझ्मा स्प्रेच्या (पावडर ज्वाळेत वितळवून पार्टवर फवारायच्या) गनमागे काढलीत, त्यातली निम्मी याच कोटिंगांवर, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि चटके खाऊन कळलेलं जास्त सांगतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

सीएमसी म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या मॅट्रिक्समध्ये सिलिकॉन कार्बाइडचेच तंतू, आणि तंतूवर मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ बोरॉन नायट्राइडचा थर, ज्याच्यामुळे भेग तंतूपाशी आली की तंतू तुटायच्या ऐवजी सरकतो आणि पार्ट काचेसारखा फुटत नाही. वजन निकेलच्या मिश्रधातूच्या साधारण एक तृतीयांश, आणि निकेल जिथे हात टेकतं त्याच्या वर शे-दीडशे डिग्री हे आरामात चालतं, तेही थंड करायला कमी हवा देऊन. हे काही आता लॅबपुरतं राहिलेलं नाही. २०१६ मध्ये लीप इंजिन सेवेत आलं तेव्हापासून त्याच्या हाय प्रेशर टर्बाइनची श्राउड, म्हणजे ब्लेडच्या टोकाभोवतीचं कडं, सीएमसीचं आहे. एअर इंडियाच्या ए३२०निओत किंवा एअर इंडिया एक्सप्रेसच्या ७३७ मॅक्समध्ये बसला असशील तर ते कडं तुझ्यापासून दहा-पंधरा मीटरवर लाल होऊन काम करत होतं. पुढच्या जीई९एक्स इंजिनात तर कम्बस्टरचे, म्हणजे ज्वलनकक्षाचे, लायनर आणि टर्बाइनचे नोझलही सीएमसीचे. आणि यातला एकही पार्ट उघडा बसवत नाहीत, प्रत्येकावर कोटिंग असतंच.

आता का ते. तू म्हणतोस ते कोरड्या हवेत शंभर टक्के खरं आहे. भट्टीत १३०० डिग्रीला शंभर तास ठेव, वर काही मायक्रॉन सिलिका येईल आणि पुढे वाढ मंदावत जाईल, दुधावर साय धरली की खालची वाफ कोंडते तसं. पण इंजिनात कोरडी हवा असतेच कुठे? एक किलो केरोसिन जळलं की साधारण सव्वा किलो पाणी तयार होतं, इंधनातल्या हायड्रोजनचं, बाहेरची हवा कितीही कोरडी असू दे. ज्वलनानंतरच्या गॅसमध्ये ५ ते १० टक्के वाफ असते. आणि या तापमानाला वाफ सिलिकाशी संयोग करून सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनवते, जे वायू आहे, उडून जातं. म्हणजे खालून सिलिका बनतेय आणि वरून उडतेय. साय धरतेय आणि कुणीतरी चमच्याने काढतंय, दूध आटत जाणारच. थर एका जाडीला येऊन थांबतो आणि त्यानंतर पार्ट सरळ रेषेत पातळ होत जातो, दर तासाला तेवढाच, कुठेही न थांबता.

हे १९९० च्या दशकात क्लीव्हलँडच्या नासा लुईस सेंटरमध्ये (१९९९ पासून नाव ग्लेन) ओपिला, जेकबसन, स्मियालेक या मंडळींनी नीट मोजून दाखवलं. लॅमिनार, म्हणजे न घुसळणाऱ्या, प्रवाहासाठी त्यांचं सूत्र साधं आहे: झीज वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, वाफेच्या आंशिक दाबाच्या (एकूण दाबातल्या वाफेच्या वाट्याच्या) वर्गाच्या प्रमाणात आणि एकूण दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. वाफेची टक्केवारी तीच ठेवून एकूण दाब चौपट केला तर झीज आठपट. तूच कागदावर करून बघ. आणि इंजिनवाले इंधन वाचवायला दाब वाढवतच चाललेत.

याचा एक परिणाम बरेच जण विसरतात आणि पेपर रिव्ह्यूला आला की माझी चिडचिड होते. लॅबच्या ट्यूब फर्नेसमध्ये एक वातावरण दाबाला ९० टक्के वाफ सोडतात, वेग सेकंदाला पाच-दहा सेंटिमीटर. इंजिनात ४० वातावरण, १० टक्के वाफ, वेग शंभर मीटर किंवा त्याच्या वर. वरच्या सूत्रात आकडे घाल, इंजिनातली झीज लॅबच्या शंभर-दीडशे पट निघते. म्हणजे ट्यूब फर्नेसमध्ये पाचशे तास ठेवून "आमचं कोटिंग उडत नाही" असं लिहिण्यात काहीच अर्थ नाही, तिथे ते उडणारच नव्हतं. ती भट्टी दुसऱ्या कामाची आहे, वाफ कोटिंगमधून आत शिरून खालचा थर किती ऑक्सिडाइझ करते ते बघायला. त्यासाठी ९० टक्के ठीक आहे, कारण तिथे आंशिक दाब महत्त्वाचा आणि तो इंजिनाच्या साधारण पाव हिश्शापर्यंत तरी जातो. कोणती टेस्ट कशासाठी हे आधी ठरव.

उघड्या सीएमसीचं खरोखर काय होतं याचं उत्तम उदाहरण विमानातलं नाही, जमिनीवरचं आहे. सोलर टर्बाइन्सच्या सेंटॉर ५०एस या औद्योगिक गॅस टर्बाइनमध्ये सीएमसीचे कम्बस्टर लायनर बसवून कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला चालवले होते. बिनकोटिंगचा संच सुमारे ५,००० तास गेला आणि काढून बघितला तर चांगलाच खाल्लेला. मग कोटिंगवाला बसवला, तो जवळपास १४,००० तास चालला. तंतू-मॅट्रिक्सची जात थोडीफार बदलली होती, पण फरक मुख्यतः त्या अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या थराचा.

आता झिर्कोनिया का नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकात कालवतात. निकेलच्या ब्लेडवर असतं ते थर्मल बॅरियर कोटिंग, त्याचं काम उष्णता अडवणं. सीएमसीवरचं एन्व्हायर्न्मेंटल बॅरियर, ईबीसी म्हणतो आम्ही, त्याचं काम वाफ अडवणं. उष्णता अडवायला छिद्रं चांगली, उभ्या फटी तर हव्यातच म्हणजे प्रसरणाचा ताण सुटतो. वाफ अडवायला छिद्र म्हणजे शत्रूला उघडा दरवाजा. एकाला जाळी हवी, दुसऱ्याला पत्रा.

आणि दुसरं कारण प्रसरण. सिलिकॉन कार्बाइड दर डिग्रीला दहा लाखात साधारण ५ या हिशोबाने वाढतं, झिर्कोनिया १० ते ११. निकेल चौदा-पंधराच्या घरात आहे म्हणून तिथे झिर्कोनिया खपून जातं. घरी आजीची लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी असेल तर तिच्या चकाकीवर बारीक जाळं पडलेलं बघ. चकाकी आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की असं जाळं पडतं. बरणीचं तापमान भट्टीतून निघताना एकदाच उतरतं, इंजिनाचं दर उड्डाणाला. सुरुवातीला लोकांनी म्युलाइटवर (अॅल्युमिना-सिलिकाचं सिरॅमिक) झिर्कोनिया चढवून पाहिलं होतं, हजारभर तासांत भेगा आरपार आणि भेगेच्या तळाशी सिलिका. म्हणून ईबीसीत पहिली अट प्रसरण जुळणं, बाकी गुण नंतर. पत्रिका जुळवताना नाडी बघतात ना, तसं, तिथे अडलं तर बाकीचे गुण कुणी मोजत नाही.

मग जुळतं काय? म्युलाइट ५ ते ६, ठीक. पण प्लाझ्मा स्प्रेने मारलं की ते इतकं झटकन थंड होतं की काचेसारखं अस्फटिक बसतं, आणि वापरात तापलं की स्फटिक होताना आकसून तडकतं. नासात कांग ली आणि मंडळींनी पार्टच हजार डिग्रीच्या वर तापवून त्यावर स्प्रे केलं तेव्हा ते सुटलं. पण म्युलाइटमधली सिलिकाही वाफेला उडते, मागे भुसभुशीत अॅल्युमिना उरतो. म्हणून मग वर बीएसएएस आलं, म्हणजे बेरियम-स्ट्रॉन्शियम-अॅल्युमिनो-सिलिकेट, आणि सगळ्यात खाली शुद्ध सिलिकॉनचा बाँड कोट, म्हणजे वरचं पार्टला चिकटवून धरणारा थर. बेकर्सफील्डला चाललं ते याच घराण्यातलं. त्याची मर्यादा अशी की बीएसएएस सिलिकाशी १३०० च्या थोडं वर वितळायला लागतं, म्हणजे जरा जास्त तापलं की कोटिंग खालून पाझरायला सुरुवात.

सध्या चलती आहे ती इटर्बियम डायसिलिकेटची. प्रसरण ४ ते ५, वितळबिंदू १८५० च्या आसपास, आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे खोलीच्या तापमानापासून वितळेपर्यंत स्फटिकाचं रूप बदलत नाही. इट्रियमचं डायसिलिकेट स्वस्त पडतं पण ते तापमानाप्रमाणे चार-पाच रूपं पालटतं, प्रत्येक वेळी आकारमान हलतं. (इटर्बियम, इट्रियम, टर्बियम, एर्बियम, चारही नावं स्वीडनमधल्या इटरबी या एकाच गावावरून, आणि चारही नावं एका वाक्यात बोलताना माझी अजून गल्लत होते.) मोनोसिलिकेट, म्हणजे सिलिका कमी असलेलं भावंडं, वाफेला डायपेक्षा जास्त पुरून उरतं पण त्याचं प्रसरण ७-८, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा उभ्या भेगा पडतात.

आणि इथेच गनवाल्याची परीक्षा. तू बाटलीतून डायसिलिकेटची पावडर ओतलीस म्हणजे पार्टवर डायसिलिकेटच बसेल असं नाही. ज्वाळेत कण काही मिलिसेकंदच असतो, पण तेवढ्यात त्यातला सिलिकॉन मोनॉक्साइड होऊन उडतो, आणि बारीक कणातून जास्त उडतो. पॉवर वाढवली तर कोटिंग घट्ट बसतं पण सिलिका कमी पडून मोनोसिलिकेट वाढतं, पॉवर कमी केली तर रसायन जागेवर राहतं पण अर्धवट वितळलेले कण आणि छिद्रं. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. आमच्याकडे एकदा पावडरची नवी बॅच आली, सर्टिफिकेट बरोबर, पण चाळणीत बारीक माल जास्त होता हे कुणी बघितलं नाही. सेटिंग तेच, कोटिंग दिसायला पांढरंशुभ्र, हाताला गुळगुळीत, आम्ही खूष. हीट ट्रीटमेंटनंतर कापून मायक्रोस्कोपखाली घेतलं तर फिकट-गडद पट्टे, फिकट म्हणजे मोनो, आणि प्रत्येक जाड फिकट पट्ट्यातून वरपासून खालपर्यंत भेग. पंधरा कूपन, म्हणजे चाचणीचे तुकडे, भंगारात. तेव्हापासून मी सर्टिफिकेट नंतर वाचतो, आधी कणांचा आकार मोजतो.

आता खालचा सिलिकॉन. माझ्या मते ईबीसीचं खरं नाट्य इथे आहे आणि सगळे वरच्या थराचंच कौतुक करत बसतात. सिलिकॉन ठेवतात कारण तो प्रसरणाला जुळतो, चिकटतो, आणि जी काही वाफ वरून झिरपते ती स्वतःवर घेऊन सिलिका बनवतो, तीही फुगे धरणारा गॅस न सोडता. सिलिकॉन कार्बाइड ऑक्सिडाइझ झालं तर कार्बन मोनॉक्साइड सुटतो, थराखाली फुगे धरतो. तर बाँड कोटवर ही जी सिलिका वाढते तिला आम्ही टीजीओ म्हणतो. वाफेत ती कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, आणि गरम असताना ती क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या स्फटिकाच्या एका रूपात असते. थंड होताना २२० ते २७० डिग्रीच्या दरम्यान तिचं रूप बदलतं आणि आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी घटतं. पातळ असेल तर बारीक भेगांवर निभावतं, वीसेक मायक्रॉनच्या पुढे गेली की सगळा वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो.

हे मी कानांनी ऐकलंय. सायकल टेस्टमधून, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून-थंड करण्याच्या चाचणीतून, कूपन काढून विटेवर ठेवलं होतं, लाली कधीच गेली होती, सगळं ठीकठाक दिसत होतं, मी वहीत "पास" लिहायला घेतलं, आणि टिक... टिक... असा आवाज सुरू झाला, मोटरसायकल बंद केल्यावर सायलेन्सर वाजतो तसा. दहा मिनिटांत एक कोपरा उचलला गेला, नखाने अख्खा थर निघून हातात. वरचं डायसिलिकेट अगदी शाबूत होतं हं, एक भेग नाही. वरून कीर्तन आतून तमाशा. त्यामुळे कोटिंग १३०० डिग्रीला काय करतं एवढंच विचारू नको, तिथून खाली येताना काय करतं ते विचार.

बाँड कोटची दुसरी अडचण ढळढळीत आहे, सिलिकॉन १४१४ ला वितळतो. पुढच्या पिढीचं लक्ष्य १४८० च्या आसपास सांगतात, म्हणजे तिथे सिलिकॉन चालणारच नाही. हाफनिया-सिलिकॉनसारखे पर्याय नासाने करून बघितलेत, माझा स्वतःचा हात त्यावर बसलेला नाही म्हणून जास्त बोलत नाही.

धुळीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे तो विषय टाळता येत नाही. वाळू, रस्त्याची धूळ, ज्वालामुखीची राख यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन असतात, १२०० च्या पुढे वितळून काचेसारखा लेप बसतो, सीमॅस म्हणतात त्याला. इट्रियमचं सिलिकेट त्याच्याशी झटकन भांडतं आणि अॅपेटाइट नावाचा स्फटिक बनवून स्वतः खर्ची पडतं, पण त्या नादात वितळलेला लेप गोठतो. इटर्बियमचं फारसं भांडत नाही, ऐकायला छान वाटतं, पण लेप मग दाण्यांच्या मधून मुकाट्याने आत शिरतो आणि कोटिंग फुगवतो. कोणतं बरं यावर अजून वाद आहे. आखातात किंवा राजस्थानात उतरणाऱ्या इंजिनासाठी मी तरी दोन्हींचं मिश्रण करून बघेन.

कार्बन-कार्बनचं विचारलं होतंस. नाही, हे जसंच्या तसं चालत नाही, तिथे शत्रूच वेगळा. कार्बनला वाफेचं निमित्त लागत नाही, ४००-५०० डिग्रीपासून साधा ऑक्सिजनच खातो. स्पेस शटलच्या नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडेला कार्बन-कार्बन होतं, त्याचा वरचा थरच सिलिकॉन कार्बाइडमध्ये बदललेला. पण सिलिकॉन कार्बाइड कार्बनपेक्षा जास्त आकसतं, म्हणजे कोटिंग बनवून थंड करतानाच भेगा, पुन्हा आजीची बरणी. म्हणून वरून काचेचं सीलंट भरायचे. गंमत अशी की अशा कोटिंगला सगळ्यात जास्त तापमान सगळ्यात वाईट नसतं, खूप तापलं की भेगा मिटतात. मधल्या ६००-८०० ला भेगा उघड्या आणि कार्बन जळायला तयार, तिथे खरा घात. शटलवर १९९२ पासून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सापडायला लागली, शोध घेतला तर लाँच पॅडच्या लोखंडी सांगाड्याच्या रंगातलं जस्त पावसाने धुऊन पंखांवर उतरत होतं, आणि परतीच्या तापमानात ते कोटिंगमधून वाट काढत होतं. (२००३ ला कोलंबिया गेलं, कल्पना चावला ज्यात होत्या, ते या छिद्रांमुळे नाही, फोमच्या तुकड्याने पंखाचं पॅनलच फुटलं होतं.)

आपल्याकडचं ताजं उदाहरण इस्रोचं. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाचं नोझल कोलंबियम, म्हणजे नायोबियमच्या मिश्रधातूचं होतं, त्याऐवजी इस्रोच्याच व्हीएसएससी केंद्राने कार्बन-कार्बनचं केलं, वर सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग. महेंद्रगिरीला १९ मार्च २०२४ ला ६० सेकंद आणि २ एप्रिलला २०० सेकंद चालवून बघितलं, तापमान १२१६ केल्विन. नोझलचं वजन दोन तृतीयांश घटलं आणि पेलोड १५ किलोने वाढेल असं त्यांनी जाहीर केलं. आता नीट बघ, तिथे कोटिंगला मिनिटांचा हिशोब आहे, विमानात हजारो तासांचा. दोघांना एकच औषध कसं चालेल?

प्रोजेक्ट. नवीन टॉपकोट शोधायच्या नादाला लागू नकोस, दोन सेमिस्टरमध्ये ते होत नाही, आणि पाच-पाच रेअर अर्थ (इटर्बियम-इट्रियमच्या जातीची मूलद्रव्यं) एकत्र करून त्याला नवं नाव देणारा पेपर रोज एक येतोय. सीएमसीचा तुकडा मिळवायच्याही मागे लागू नको, मिळणार नाही, मिळाला तर परवडणार नाही. साध्या सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या घे, त्यावर सिलिकॉन शंभरेक मायक्रॉन, वर इटर्बियम डायसिलिकेट दोनशेच्या आसपास, स्प्रे एखाद्या चांगल्या जॉब शॉपकडून करून घे पण गनसमोर स्वतः उभा राहा. प्रश्न एकच ठेव: दोन वेगवेगळ्या सच्छिद्रतेच्या टॉपकोटखाली टीजीओ वाफेत किती वेगाने वाढते. १३०० डिग्री, ९० टक्के वाफ, तासाभराच्या सायकल, शंभर-दोनशे-चारशेला एकेक चकती काढायची. कापायच्या आधी इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये भरून घे, नाहीतर करवतीने पडलेल्या भेगा इंजिनाच्या म्हणून मोजत बसशील, मी बसलोय. टीजीओ एका जागी मोजून भागत नाही, निदान तीस-चाळीस ठिकाणी मोज, भेगेच्या खाली ती जाड असणारच, त्या नोंदी वेगळ्या ठेव.

आणि भट्टीची ट्यूब अॅल्युमिनाची असेल तर ध्यानात ठेव, या तापमानाला वाफ ट्यूबमधला अॅल्युमिनाही थोडाथोडा उचलून तुझ्या चकतीवर आणून टाकते. सिलिकात अॅल्युमिना मिसळला की तिची वाढच बदलते, आणि तुला वाटेल कोटिंगमुळे फरक पडला. एक उघडी सिलिकॉन कार्बाइडची चकती प्रत्येक वेळी सोबत ठेव, संपल्यावर तिच्या पृष्ठभागावर ईडीएस लाव, म्हणजे कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी एक्स-रे तपासणी. अॅल्युमिनियम दिसलं तर ती बॅच बाद, गाइडला आवडो न आवडो.